हातावरची चार वर्तुळं आणि हरवलेलं कार्ड

10 जून 2024, सोमवार. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी फाइल उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "जन्मदाखला आहे, आधार आहे, लसीकरण कार्डाची झेरॉक्स नाही. पंधरा दिवसांत आणून द्या." मी म्हटलं, उद्या देते. ते 'उद्या' 1 जानेवारी 2025ला उजाडलं.

आता सगळं मार्गी लागलंय. मध्यंतरी सोसायटीतल्या दोघीतिघींनी हळू आवाजात "आमच्यापण एकदोन राहिल्यात गं" असं सांगितलं, म्हणून हे लिहायला घेतलं. मी डॉक्टर नाही. आमच्या बाबतीत काय झालं आणि कुठे अडकलो तेवढंच सांगते. तुमच्या मुलाचं काय ते तुमच्या डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारा.

लेक ऑगस्ट 2019ची, जन्म पुण्याचा. एप्रिल 2024मध्ये नवऱ्याला नाशिकच्या अंबड एमआयडीसीत नोकरी लागली आणि आम्ही इंदिरानगरला भाड्याच्या घरात आलो. माझं माहेर पंचवटीत. आई आणि तिची आई, म्हणजे माझी आजी, दोघी तिथेच असतात. सामान बेचाळीस खोक्यांतून आलं होतं आणि जूनपर्यंत त्यातले अकरा खोके तसेच बांधलेले होते. त्या रात्री ते सगळे सोडले. लग्नातला आहेर सापडला, हरवलेलं मिक्सरचं चटणीचं भांडं सापडलं. कार्ड नाही.

नवरा निवांत होता. "अगं, सगळ्या लसी झाल्यात तिच्या. दर वेळी पोलिओ पाजलाय की आपण." आणि ते खरंच होतं. एकही पोलिओ रविवार आम्ही चुकवला नव्हता. 3 मार्चलाही पुण्यात बिल्डिंगच्या गेटपाशी बूथवर डोस पाजून, करंगळीला शाई लावून आणली होती. दारात येऊन कोणी डोस पाजतं, नखाला खूण करतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की सरकार बघतंय सगळं. पण पल्स पोलिओ ही वेगळी मोहीम. गोवर, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसी मुलाला घेऊन आपणच जाऊन टोचून आणायच्या असतात. हे मला पस्तिशीच्या उंबरठ्यावर नीट कळलं.

शेवटी नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये एक फोटो सापडला. ऑक्टोबर 2019मध्ये सासूबाईंना पाठवायला काढलेला, कार्डाच्या एका पानाचा, मधोमध घडीची रेघ. जन्मतः बीसीजी, पोलिओ, कावीळ बी. सहा आठवडे, दहा आठवडे. पुढचे रकाने कोरे.

12 जूनला बुधवार होता. आमच्या भागातल्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बुधवारी लसीकरण असतं असं खालच्या वॉचमनच्या बायकोने सांगितलं. मी ऑफिसातून हाफ डे टाकून, लेकीला घेऊन धावतपळत पोचले तेव्हा दोनला दहा कमी होते. सिस्टरांनी निळ्या डब्यातून एक इवलीशी बाटली काढून दाखवली. तिच्या चिठ्ठीवर पेनने लिहिलं होतं : 9.55. "ही गोवर-रुबेलाची. पावडर असते, त्यात पाणी मिसळलं की चार तासांत संपवायची. राहिली तर फेकून द्यायची. दहा-पाच मिनिटांसाठी तुमचा फोटो बघून, विचारून, मी घाईघाईत टोचणार नाही. नवीन फोडली तर बाकीची वाया. पुढच्या बुधवारी साडेनऊला या. आणि नुसता फोटो नको, अजून काही असेल ते आणा. जन्मदाखला, बिलं, काही पण."

चिडचिड झाली, पण बाई बरोबर होत्या. तर पहिली गोष्ट ही : लसीकरणाच्या दिवशी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान जा. तेव्हा बाळं भरपूर असतात, बाटली फोडायला कोणी मागेपुढे बघत नाही, आणि सिस्टरांना तुमचं ऐकून घ्यायला वेळ असतो.

शनिवारी, 15 तारखेला, पुणे. लेकीचा जन्म झाला त्या दवाखान्यात गेले. तिथे मधल्या काळात कॉम्प्युटरची प्रणाली बदलली होती आणि 2020च्या आधीचं 'त्यात नाही' असं काउंटरवरच्या मुलाने पडद्याकडे न बघताच सांगितलं. मी हलले नाही. तासाभराने बिलिंगमधल्या एका वयस्क गृहस्थांना दया आली. त्यांनी जुन्या पावत्यांच्या प्रती काढून दिल्या. नोव्हेंबर 2019ची एक पावती होती, साडेतीन महिन्यांच्या लसींची, एकट्या न्यूमोनियाच्या लसीचे 3,800 रुपये. त्यापुढे एकही पावती नव्हती. येण्याजाण्याचे अकराशे रुपये आणि एक शनिवार खर्चून माझ्या हाती एवढंच आलं की नोव्हेंबरनंतर आम्ही तिथे गेलोच नव्हतो.

परतीच्या बसमध्ये सिन्नर येईपर्यंत मी बोटांवर महिने मोजत होते. नऊ महिने पूर्ण, म्हणजे गोवरची पहिली लस, तो दिवस 14 मे 2020. टाळेबंदी. आम्ही फोन केला होता हे मला स्वच्छ आठवलं. "तातडी नसेल तर दोन आठवडे थांबा," असं उत्तर मिळालं होतं. थांबलो ते थांबलोच. सोळा महिन्यांचे बूस्टर डिसेंबर 2020मध्ये यायला हवे होते, तोवर दवाखान्याचं नाव काढलं तरी अंगावर काटा यायचा. पुढच्या वर्षी आम्ही दोघं स्वतःच्या कोविडच्या लसीसाठी पहाटे रांगेत उभे राहिलो. प्रमाणपत्र फोनमध्ये, त्याची छापील प्रत पाकिटात. लेकीचं मात्र कोरं.

आणि एक कबुली द्यायचीय. 2022च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली, लहान मुलं दगावली, इकडे आपल्या जिल्ह्यात मालेगावातही रुग्ण निघाले. तेव्हा आईचा फोन आला होता. "पोरीची गोवरची झालीय ना?" मी म्हटलं, "हो गं." इतक्या सहज म्हटलं की मलाही ते खरं वाटलं. आम्ही कुठल्या लसविरोधी गटात नव्हतो, कशाला नावं ठेवली नव्हती. नुसतं राहून गेलं होतं, आणि राहून गेलंय हे तपासायलाही राहून गेलं होतं.

17 जूनला गंगापूर रोडच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. फी 500. मी तोंड पाडून बसले होते, ओरडा पडणार म्हणून. त्यांनी लेकीची डावी बाही वर केली, दंडावरचा मसुराएवढा खळगा बोटाने चाचपला आणि म्हणाल्या, "बीसीजी झालंय. हे कार्ड हरवत नाही." मग फोटो आणि पावत्या लावून बघितल्या. पहिले तीन पेंटाव्हॅलंट झालेले, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांचा पाया पक्का. "पहिल्यापासून सुरू करायचं नसतं. जिथे तुटलं तिथून पुढे. गोवर-रुबेलाचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे. डीपीटीचा, म्हणजे घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीचा, पहिला बूस्टर लगेच, दुसरा सहा महिन्यांनी. सरकारी केंद्रात एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची लस, पाच वर्षांपर्यंत आणि डीपीटी सात वर्षांपर्यंत देतात. पाच कधी पूर्ण होतात?"

14 ऑगस्टला. म्हणजे आठ आठवडे हातात.

नवऱ्याने विचारलं, ती न दुखणारी लस मिळते ना, तीच देऊ खासगीत. त्यांनी सांगितलं की त्या लसीने ताप-सूज कमी येते हे खरं, पण डांग्या खोकल्याविरुद्धचं तिचं संरक्षण लवकर ओसरतं, एवढ्यासाठी साधी सोडू नका. खासगीत घ्यायच्याच असतील तर दोन घ्या, असंही म्हणाल्या : टायफॉइडची, आणि एक एमएमआर, कारण सरकारी एमआरमध्ये गालगुंड नाही. त्या सवडीने. आधी बुधवार.

त्या रात्री नवऱ्याच्या चुलतभावाने एक फॉरवर्ड पाठवलं. गोवर-रुबेलाच्या लसीने मुलींना पुढे मूल होत नाही, खाली तीन लाल उद्गारचिन्हं. राज्यात नोव्हेंबर 2018मध्ये एमआरची मोठी मोहीम झाली, नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळाशाळांतून लस दिली, तेव्हाही हीच अफवा फिरली होती. दुसरं फॉरवर्ड, या लसीने स्वमग्नता (ऑटिझम) होते असं. त्याचं मूळ 1998मधल्या एका ब्रिटिश डॉक्टरच्या निबंधात आहे. 'लॅन्सेट'ने तो निबंध 2010 साली मागे घेतला आणि त्याच वर्षी त्या डॉक्टरचा व्यवसायाचा परवानाही गेला. मी हे सगळं शोधून नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पटतंय. आणि मग अंधारात, बऱ्याच वेळाने, "पण आपण घाई तर करत नाही ना?" चार वर्षं उशीर करून झाल्यावर हा माणूस घाईचं म्हणत होता. पण मी हसले नाही. मलाही थोडं तसंच वाटत होतं.

19 जून. आईला काम होतं, म्हणून माझ्यासोबत आजी आली. वय सत्त्याहत्तर, माहेर निफाड तालुक्यातलं. साडेनऊला पोचलो तेव्हा नंबर सातवा. बाहेरच्या बाकड्यावर आजीने पदर सावरला आणि लेकीने विचारलं, "मोठी आजी, मला खूप दुखेल?"

आजीने डावा हात पुढे केला. कोपराच्या खाली चार खुणा आहेत, चवलीएवढ्या, दोन-दोनच्या जोडीने, कातडी तिथे चुरगळलेल्या कागदासारखी. लहानपणी मी त्यांवर पाणी सोडून 'तळी' करायचे.

"देवी काढल्यात या. चाकावानी एक असायचं, दातं असलेलं. हातावर टेकवायचा आन् गर्रकन फिरवायचा. चार डाव. मंग ते पिकायचं, फुटायचं, खपली धरायची. पंधरा दिस हात उचलत नव्हता. तुझी तं मुंगी हाय मुंगी."

देवी 'काढणे', म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणे, हा शब्द आपल्या भाषेत अजून आहे. रोग मात्र गेला. भारतात तो 1975नंतर नाही, जगातून गेल्याचं 1980मध्ये जाहीर झालं. माझ्या लेकीच्या दृष्टीने देवी म्हणजे सप्तशृंगी.

"पण आजी, तू लगेच तयार झालीस काढून घ्यायला?"

"मी? मला तं कणगीत घातलं व्हतं."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. देवीडॉक्टर गावात आला की निरोप घरोघर आधीच पोचायचा. पणजीने तिला आणि धाकट्या भावाला बाजरीच्या कणगीत बसवून वर सूप ठेवलं. डॉक्टर दारावर आला, विचारून गेला. पणजीचं म्हणणं, देवीची मर्जी असेल ते होईल, तिच्या वाट्यात माणसाने सुई घालायची नाही. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवर देवी आल्या. पणजीची बहीण तिथे दिलेली होती. तिचा एक मुलगा गेला, दुसऱ्याचा डोळा गेला. पुढच्या साली डॉक्टर आला तेव्हा पणजी दोन्ही पोरांना घेऊन त्याच्या आधी चावडीवर जाऊन बसली होती. तरीपण तिने देवीची ओटी भरणं सोडलं नाही. दोन्ही करायची.

मला त्या बाकड्यावर नवऱ्याचं रात्रीचं वाक्य आठवलं. मुंबईत 14 जून 1802ला आना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस दिली, भारतातली ती पहिली. आजी कणगीत बसली तेव्हा त्याला दीडशे वर्षं होऊन गेलेली. म्हणजे घाबरणं आमच्या व्हॉट्सअॅपने आणलेलं नाही. फरक एवढाच की पणजीला पलीकडच्या वस्तीवर काय झालं ते दिसलं. आम्हाला पलीकडची वस्तीच दिसत नाही.

नंबर आला. सिस्टरांनी फोटो, पावत्या, जन्मदाखला आणि आधार बघून नवं कार्ड केलं. जुन्या तारखा त्यात उतरवल्या, बाजूला 'पावतीवरून' असं बारीक लिहिलं. यात वीस मिनिटं गेली आणि मागच्या बाया माझ्याकडे रागाने बघत होत्या, ते मी मान्य करते. मग उजव्या दंडावर गोवर-रुबेला, डाव्या मांडीत डीपीटी, तोंडात पोलिओचे दोन थेंब आणि चमच्याने अ जीवनसत्त्व. ती लेकीला सगळ्यात जास्त नकोशी, माशाचा वास येतो म्हणे. एकाच दिवशी इतकं चालतं का, मी दोनदा विचारलं. चालतं. पैसे शून्य. अर्धा तास तिथेच बसायला सांगितलं. तो अर्धा तास खरंच बसा, रिअॅक्शन आलीच तर ती बघायला सिस्टर समोर असतात. निघताना कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढे कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवायचं, अशा चार गोष्टी त्यांनी पाठ म्हटल्यासारख्या सांगितल्या. चौथ्या गोष्टीला माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

आजीने बाहेर आल्यावर आपला हात परत पदराखाली घेतला. "माझं कार्ड बघ, एकदाबी हरवलं नाई."

त्या रात्री ताप आला, मांडी सुजली, दोन दिवसांत उतरली. डीपीटीचा हा त्रास ठरलेलाच. डॉक्टरांनी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉलचं प्रमाण लिहून दिलं होतं. मांडी चोळायची नाही, गार पाण्याची घडी ठेवायची.

खरी गंमत 28 जूनला झाली. लस होऊन नऊ दिवस. सकाळी अंग कोमट, कानामागे आणि छातीवर बारीक लालसर पुरळ. गोवरच्या लसीनंतर आठवड्या-दीड आठवड्याने काही मुलांना असं होतं, आपोआप जातं, दुसऱ्याला लागत नाही, हे डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. पण मी सकाळी आईला फोनवर 'पुरळ' हा शब्द उच्चारला आणि तासाभरात आई आणि आजी रिक्षाने हजर. आजीच्या हातात कडुनिंबाचा डहाळा.

तिने काही न विचारता पाला उशाशी ठेवला. दारात एक डहाळी खोवली. मी आमटीसाठी कढई तापवली होती, ती तिने गॅसवरून उतरवली. "फोडणी घालायची न्हाई घरात. तळण न्हाई. दहीभात कर. पायातलं बाहेर काढा समद्यांनी."

"आजी, हा गोवर नाहीये. लसीमुळे आलंय."

"गोवरच्याच लशीमुळं ना? मंग गोवरच."

आई मध्ये पडली. तिने लेकीच्या काखेत थर्मामीटर लावला, 99.8 वाचलं, खिडकी उघडली. आजीने खिडकी लावली, वारं लागून गोवर आत दबतो म्हणून. आईने परत उघडली. या दोघी हे युद्ध गेली पन्नास वर्षं खेळतायत हे मला तेव्हा कळलं, कारण आई एकदम थांबली आणि खिडकी अर्धी ठेवून माझ्या शेजारी येऊन बसली. उजवा कान माझ्याकडे करून. ती नेहमी तशीच बसते, डाव्या कानाने तिला नीट ऐकू येत नाही.

"मला गोवर झाला तेव्हा मी पाच वर्षांची," ती म्हणाली. "1974. कान तेव्हाच वाहिला. दादूला माझाच लागला."

दादू हा माझा मामा. दोन वर्षांचा होता. मला एवढंच माहीत होतं की एक मामा लहानपणी 'तापाने गेला'. गोवर निघाला, मावळला, आणि सगळ्यांना वाटलं सुटला. मग छातीत भरलं. बैलगाडीने पिंपळगावला नेईपर्यंत संपलं. आजीच्या घरी तेव्हा दहीभातच होता, फोडणी बंद होती, पाला होता, खिडकी लावलेली होती. जे करता येण्यासारखं होतं ते सगळं तिने केलं होतं. गोवरची लस आपल्याकडच्या सरकारी लसीकरणात आली 1985मध्ये.

आजी आतल्या खोलीत लेकीच्या अंगावरून निंबाची डहाळी हळूहळू फिरवत होती. लेकीला गुदगुल्या होत होत्या. मी कढई परत गॅसवर ठेवली नाही. दहीभात केला. तिसऱ्या दिवशी पुरळ गेलं.

त्यानंतर आजीने एकदाही 'गोवरच' म्हणून वाद घातला नाही. उलट जुलैत तिचाच फोन यायचा, "दुसरी सुई कधीय?"

दुसरी सुई चार आठवड्यांनी, म्हणजे 17 जुलैला. बरोबर त्या बुधवारी आषाढी एकादशी आणि मोहरम एकाच दिवशी आले, केंद्र बंद. मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. बंद दारासमोर छत्री धरून उभी राहिले आणि पोटात गोळा आला, कारण पुढे फक्त चार बुधवार आणि चौथा थेट वाढदिवसाचा. 24 जुलैला साडेनऊच्या आधीच जाऊन बसले. पाऊस मी म्हणत होता, मुलं कमी आली होती. बाटली फोडायला सिस्टर अजून दोघांची वाट बघत होत्या. त्यांनी यादी काढली, आशाताईंना फोन लावला आणि अर्ध्या तासात आशाताई रेनकोटमधून दोन बाया आणि दोन बाळं घेऊन आल्या. दहा चाळीसला लेकीचा दुसरा डोस झाला. वाढदिवसाच्या तीन आठवडे आधी.

शाळेने मात्र अर्धवट भरलेलं कार्ड घ्यायला नकार दिला. 'पूर्ण' हवं होतं. डीपीटीचा दुसरा बूस्टर डिसेंबरआधी देताच येत नाही हे समजावून सांगण्यात माझे दोन अर्धे दिवस गेले. शेवटी डॉक्टरांकडून चिठ्ठी आणली : लसीकरण सुरू आहे, पुढचा डोस अमुक महिन्यात. त्यावर काम झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर ती चिठ्ठी पहिल्याच दिवशी मागून घ्या. सप्टेंबरमध्ये खासगीत एमएमआर आणि टायफॉइड उरकले, फी धरून साधारण 3,150 रुपये.

डिसेंबरात 19 तारखेला सहा महिने भरत होते. पुढचा बुधवार 25, नाताळची सुटी. या वेळी कॅलेंडर बघितलं होतं. 1 जानेवारीला लेक शेंबडी, शिंका देत उठली. मी बूट घालता घालता थांबले. पुढच्या आठवड्यात नेऊ, असं तोंडून निघणारच होतं. ते शब्द मला फार ओळखीचे वाटले. सिस्टरांना फोन लावला. "ताप आहे?" नाही. "खेळतेय?" हो. "मग सर्दीला काय होतंय? आणा."

डाव्या दंडावर, बीसीजीच्या खळग्याच्या जरा बाजूला. रडली नाही. रडायला विसरली, कारण सिस्टर तेव्हा माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागत होत्या आणि तो आकडा वाचायचं काम लेकीने घेतलं होतं. यू-विनवर, म्हणजे लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, तिचं नाव चढलं. यापुढचं तरी फोनमध्ये दिसेल. कागदाचं कार्डही ठेवायचंच, आणि ते लॅमिनेट करायचं नाही. मी तेच करायला निघाले होते. सिस्टर म्हणाल्या, "मग पुढची तारीख मी लिहू कुठे?"

संध्याकाळी पंचवटीला गेलो. आजीने चष्मा लावून लेकीचा दंड दिव्याखाली धरला, उलटापालटा केला. लहानसा लाल ठिपका, तोही उद्यापर्यंत जाणार होता.

"खूण न्हाई राहत का हिची?"

"नाही राहत, आजी."

"मंग कसं कळायचं लोकांला?"

मी कार्ड दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने ते हातात घेतलं, ज्या रकान्यांत निळी शाई होती ते बोटाने मोजले, आणि मग शेवटच्या दोन रिकाम्या रकान्यांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. ते दहाव्या आणि सोळाव्या वर्षाचे, धनुर्वात-घटसर्पाचे. दहावं वर्ष म्हणजे ऑगस्ट 2029. तेव्हाचं कॅलेंडर अजून छापलेलंच नाही. म्हणून घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून, डाळींच्या डब्यांसमोर, मार्करने लिहून ठेवलंय. घर भाड्याचं आहे. पुढे कधी सोडायची वेळ आली तर ती ओळ फोटो काढून न्यायची, हे नवऱ्याला सांगून ठेवलंय.